लूतेपासून पाळीव कोळ्यापर्यंत

मराठीत ‘कोळी’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. जाळे टाकून मासे धरणारा तोही कोळी आणि जाळे विणून माश्या धरणारा तोही कोळी. पहिल्याला समाजात मानाचे स्थान मिळाले. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र केरसुणी आली. सणावारी घर झाडावयास घेतले म्हणजे पहिला हात फिरतो तो आढ्याच्या कोळिष्टकांवरून. घरोघरी राहूनही हा प्राणी कुणाचा झाला नाही. गाईला गोठा मिळाला, मांजराला चुलीजवळची ऊब मिळाली, पोपटाला पिंजरा मिळाला; कोळी मात्र सदैव बिनबोलावलेलाच राहिला.

असे असता, गेल्या अर्धशतकात जगातील अनेक घरांत एक विशिष्ट जातीचा कोळी मुद्दाम आणला जाऊ लागला आहे. तळहाताएवढा, केसाळ, जमिनीवर बीळ करून राहणारा, चालीने संथ आणि वृत्तीने शांत असा हा कोळी ‘टॅरंटुला’ या नावाने ओळखला जातो. काचेच्या पेटीत त्याच्यासाठी माती घालतात, पाण्याची वाटी ठेवतात, आठवड्याकाठी एखादा रातकिडा त्याला खाऊ घालतात. झाडून टाकण्यापासून जोपासण्यापर्यंतचा हा प्रवास एका दिवसात घडलेला नाही. त्याचा इतिहास मोठा आहे, अनेक देशांतून फिरलेला आहे, आणि त्याची दोन जुनी पाने काशी क्षेत्राशी निगडित आहेत. त्यांतील एक वैद्यकाचे आहे व दुसरे भक्तीचे. दुसरे तर एका मराठी संताच्या हातचे आहे.

प्रथम वैद्यकाचे पान पाहावे. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ काशिराज दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुतादी शिष्यांना केलेल्या उपदेशाच्या रूपाने सांगितलेला आहे. या ग्रंथाला आज दिसते ते रूप अनेक शतकांच्या संस्कारांतून आले; तथापि परंपरेने त्याची जन्मभूमी काशीच मानली. शस्त्रक्रियेसाठी हा ग्रंथ जगभर वाखाणला जातो. परंतु त्यातील कल्पस्थान हा विभाग विषांचा आहे. त्याच्या शेवटच्या, म्हणजे आठव्या अध्यायात कीटकांच्या विषांबरोबर लूतांचा, म्हणजे कोळ्यांचा, सविस्तर विचार केलेला आढळतो.

लूतांच्या उत्पत्तीची तेथे सांगितलेली कथा मोठी बोलकी आहे. वसिष्ठांची कामधेनू बळाने हरण करावयास विश्वामित्र राजा आला, तेव्हा वसिष्ठांना संताप आवरेना. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले आणि गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर ते पडले. त्या ‘लून’ म्हणजे कापलेल्या तृणावर जे भयंकर जीव जन्मले, ते लूता. कोळी हा अशा रीतीने ऋषीच्या क्रोधाचे अपत्य ठरला. पुढे ग्रंथकार लूतांच्या सोळा जाती सांगतो. त्यांतील त्रिमंडला, श्वेता, कपिला इत्यादी आठ कष्टाने बऱ्या होणाऱ्या आणि सौवर्णिका, जालिनी, अग्निवर्णा इत्यादी आठ असाध्य. केवळ दंशानेच नव्हे, तर लाळ, नखे, मूत्र, विष्ठा अशा सात वाटांनी त्या विष सोडतात असे तो म्हणतो. नुकत्याच फुटलेल्या अंकुरावरून झाड कोणते हे सांगता येत नाही, तसे पहिल्या दिवशी लूतेच्या विषाचे निदान करता येत नाही, हेही त्याने बजावून ठेवले आहे.

या विवेचनात कथा आहे आणि निरीक्षणही आहे. कोळ्यांच्या जाती भिन्न असतात, प्रत्येकीचा परिणाम भिन्न असतो, आणि रोग्याकडे दिवसेंदिवस लक्ष ठेवल्याखेरीज निर्णय करू नये, ही शिस्त आजच्या वैद्यालाही मान्य होईल. परंतु लोकांच्या मनात उतरली ती शिस्त नव्हे. उतरली ती भीती. अंगावर एकाएकी फोड उठले की कोळी अंगावरून गेला असे म्हणण्याची चाल उत्तरेत आणि आपल्याकडेही अजून आढळते. असे फोड बहुधा नागीण या विषाणुजन्य रोगाचे असतात, किंवा पीडेरस नावाच्या लहानशा भुंग्याच्या अंगातील दाहक द्रवाने उठलेले असतात, असे आता त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. बिचाऱ्या कोळ्याचा त्यात काडीइतकाही संबंध नसतो. तरीही भय सरलेले नाही. २०१२ साली आसामातील सदिया भागात मोठ्या कोळ्यांच्या दंशांची बातमी पसरली आणि सारा मुलूख हादरला. दोन मृत्यूंची चर्चा झाली. परंतु ते कोळ्याच्या विषानेच झाले हे सिद्ध झाले नाही. काही रोगी प्रथम मांत्रिकांकडे गेले होते व तेथे त्यांच्या जखमा कापण्यात आल्या होत्या. विषापेक्षा विषाचे भय कधी कधी अधिक घातक ठरते ते असे.

काशीचे दुसरे पान याच्या अगदी उलट आहे. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. हा निःसंग पुरुष इतका आनंदी कसा, असे राजाने विचारता तो आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. पृथ्वी, वायू, समुद्र यांच्या पंक्तीला तेथे अजगर आहे, सर्प आहे, आणि नवव्या अध्यायात ऊर्णनाभ, म्हणजे कोळीही आहे. कोळी आपल्याच उदरातून तंतू काढतो, त्यात विहार करतो आणि शेवटी तो तंतू पुन्हा गिळून टाकतो; परमेश्वरही तसाच आपल्यातून विश्व प्रकट करतो व आपल्यातच ते सामावून घेतो, हा त्याचा धडा. मुंडकोपनिषदातही ही उपमा आली आहे आणि वेदान्त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

या एकादश स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, ती एकनाथी भागवत. पहिले पाच अध्याय पैठणास झाले व पुढचे काशीस, असे परंपरा सांगते. देवभाषेतील भागवत प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारला, ग्रंथ पाहिला आणि अखेर त्याचा सन्मान केला, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये हा ग्रंथ वाराणसीत पूर्ण झाला. तेव्हा कोळ्याला गुरू मानणारा नववा अध्याय मराठीत उतरला तो गंगेच्या तीरावरच, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या नगरीच्या वैद्यकाने कोळ्याला ऋषीच्या क्रोधाचे अपत्य म्हटले, त्याच नगरीत मराठी भाषेने त्याला ज्ञानदात्याचे आसन दिले.

विष आणि गुरू या दोन टोकांमध्ये एक जागा मात्र रिकामी राहिली. वैद्याची दृष्टी रोग्यावर होती, भक्ताची दृष्टी ब्रह्मावर होती. खुद्द कोळी कसा जगतो, काय खातो, किती वर्षे राहतो, हे त्याच्याजवळ बसून पाहण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. ते काम पुढे परदेशात झाले. आणि ते ज्यांनी केले, त्यांनी कोळ्याला आपल्या खोलीत ठेवून घेतले होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

‘टॅरंटुला’ हे नाव दक्षिण इटलीतील टारांटो या बंदरावरून पडले. त्या मुलखात शेतात काम करणाऱ्यांना कोळी चावला म्हणजे त्यांना वेड लागते आणि वाद्यांच्या ठेक्यावर दमेपर्यंत नाचविल्याखेरीज ते बरे होत नाहीत, अशी समजूत कित्येक शतके होती. त्या नाचाच्या चाली आजही तेथे वाजविल्या जातात. ज्या कोळ्यावर हा आळ आला तो जमिनीत बीळ करून राहणारा, चपळ, पण माणसाला फारसा अपाय न करणारा लांडगा-कोळी होता. खरा अपराधी असलाच तर तो त्याच शेतांतील लहानसा काळा, लाल ठिपक्यांचा कोळी असावा, असे आताचे अभ्यासक मानतात. मोठ्याच्या नावावर धाकट्याचा गुन्हा चढला. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले. तेथील केसाळ, महाकाय कोळी पाहून त्यांनी हेच नाव त्यांनाही देऊन टाकले. आज शास्त्रज्ञ ज्या थेराफोसिडी कुळाला टॅरंटुला म्हणतात, त्याचा टारांटोच्या मूळ कोळ्याशी दूरचाच संबंध आहे.

या बदनाम कोळ्याशी मैत्री करणारा पहिला प्रसिद्ध मनुष्य एक सैनिकी वैद्य होता. नेपोलियनच्या सैन्याबरोबर स्पेनमध्ये गेलेल्या लेआँ द्युफूरने ७ मे १८१२ रोजी व्हॅलेन्सिया येथे एक मध्यम आकाराचा नर टॅरंटुला इजा न करता पकडला. काचेच्या बरणीत त्याला ठेवून तोंडावर कागद बांधला, कागदाला लहानशी झडप केली, तळाशी कागदाची पिशवी घातली आणि ती बरणी आपल्या शय्यागृहातील मेजावर ठेवली. काही दिवसांत तो कोळी इतका सरावला की द्युफूरच्या बोटांतून जिवंत माशी उचलून नेऊ लागला. युद्धाच्या धामधुमीत, परक्या मुलखात, एका वैद्याने रात्री दिव्याजवळ बसून एका शापित जिवाची दिनचर्या लिहावी, ही गोष्ट विलक्षण खरी. शतकाअखेरीस फ्रान्सचा थोर कीटकवेत्ता झाँ आंरी फाब्र याने द्युफूरची ही टिपणे आपल्या ग्रंथात आदराने उद्धृत केली आणि स्वतःही मातीच्या पसरट भांड्यांतून हे कोळी पाळून त्यांचे अपत्यप्रेम, त्यांची शिकार, त्यांचे बीळ यांचा अभ्यास केला.

अमेरिकेतील मोठ्या कोळ्यांची कीर्ती मात्र एका चित्राने झाली. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती १६९९ साली सुरिनामला गेली. १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी छोट्याशा पक्ष्याला खात असल्याचे चित्र आहे. ते पाहून युरोप थरारला. लिनीअसने १७५८ मध्ये या कोळ्याला पक्ष्यावरूनच नाव दिले. पुढे मेरियनबाईंनी कल्पनेने हे चित्र रंगविले, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे काढली आणि १८६३ साली आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. असा कोळी लहान पक्ष्यांना धरून बसलेला आपण प्रत्यक्ष पाहिला, अशी ग्वाही त्यात देऊन त्याने त्या चित्रकर्तीचा बोल राखला.

बेट्सच्या ग्रंथात आणखी दोन गोष्टी आहेत. या कोळ्याच्या अंगावरचे केस हाताला लागले की वेड लागावे अशी खाज सुटते, हे त्याने स्वतः अनुभवून नोंदविले. दुसरी गोष्ट याहून गोड आहे. त्याच्यासाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातील मुलांनी अशा एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधली होती आणि कुत्र्याला फिरवावे तसे ती मुले त्याला घरभर फिरवीत होती. युरोपातील विद्वान ज्याच्या चित्राने दचकत होते, त्याला अरण्यातील मुलांनी खेळगडी केले होते.

भय घालविण्याचे निर्णायक काम विसाव्या शतकात अमेरिकेतील आर्कान्सास विद्यापीठाच्या विल्यम बेर्ग या प्राध्यापकाने केले. १९२० नंतरच्या काळात त्याने निरनिराळे कोळी पाळले आणि त्यांच्या विषाचा प्रभाव अजमावण्यासाठी स्वतःच्या अंगाला त्यांचा दंश करवून घेतला. काळ्या विधवा-कोळिणीच्या दंशाने त्याला रुग्णालयात पडून राहावे लागले. परंतु आपल्या प्रदेशातील महाकाय टॅरंटुला चावले तर टाचणी टोचल्यापलीकडे फारसे काही होत नाही, हे त्याने सिद्ध केले. वर्षानुवर्षे हे प्राणी सांभाळल्यामुळेच त्याला कळले की मादी वयात यावयास कित्येक वर्षे लागतात आणि ती वीस वर्षांहूनही अधिक जगते; नर मात्र शेवटची कात टाकून प्रौढ झाला की अल्पकाळातच संपतो. त्याचा ‘द टॅरंटुला’ हा ग्रंथ १९५८ साली निघाला. एका अर्थी तो द्युफूरच्या बरणीचाच विस्तार होता.

या कोळ्यांच्या शांतपणाचे रहस्यही हळूहळू उलगडले. अमेरिका खंडातील बहुसंख्य जातींच्या पोटावर बारीक, काटेरी केस असतात. शत्रू जवळ आला की कोळी मागच्या पायांनी ते केस झाडतो आणि ते शत्रूच्या डोळ्यानाकात शिरून खाजकुइलीच्या कुसळांप्रमाणे दाह करतात. हाताशी असे दूरवर मारा करणारे शस्त्र असल्यामुळे दंश करण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. आशिया व आफ्रिका खंडांतील जातींपाशी हे केस नाहीत. त्यांना दंशावरच विसंबावे लागते. म्हणून त्या तापट, चपळ आणि विषाने अधिक तीव्र असतात. भारतातील काही मोठ्या कोळ्यांच्या दंशाने स्नायूंत असह्य पेटके येतात. तेव्हा पाळणारे ज्याला शांत स्वभाव म्हणतात तो स्नेह नव्हे, ती एक संरक्षणाची रीत आहे. या जिवाला आठ डोळे असूनही फार थोडे दिसते. जमिनीच्या कंपांवरून तो जग ओळखतो. धनी कोण आणि परका कोण हे त्याला कळत नाही.

हे सारे ज्ञान झाले आणि त्याच्या पाठोपाठ हौस आली. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कोरड्या रानात लाल-नारिंगी गुडघ्यांचा एक देखणा भूचर कोळी असतो. १८९७ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. १९७० नंतर युरोप-अमेरिकेतील बाजारात त्याची मागणी एकाएकी वाढली. रंगाने सुंदर, चालीने संथ, जागा थोडी, आवाज नाही, खर्च थोडा. शहरातील माणसाला आणखी काय हवे? रानातील बिळे खणून हे कोळी पेट्यांतून परदेशी जाऊ लागले. बेर्गने शोधलेले सत्य येथे उलट्या बाजूने प्रत्ययास आले. जी मादी वयात यावयास कित्येक वर्षे घेते, ती एकदा उचलून नेली म्हणजे तिची जागा भरावयासही तितकीच वर्षे लागतात. पिल्ले शेकडो होतात, पण रानात त्यांतील फार थोडी वाचतात. वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला होता. १९८५ मध्ये हा कोळी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावा लागला आणि पुढच्या दशकात त्याचे सगळे गोत्रच तेथे गेले. गंमत अशी की, बाजारात त्या नावाने विकले जाणारे बहुतेक कोळी मुळात एका वेगळ्याच जातीचे होते, हे २०१७ मध्ये उघडकीस आले. इतकी वर्षे माणसांनी त्याला घरात बाळगले आणि त्याचे खरे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

ही कथा सातासमुद्रांपलीकडची म्हणून सोडून देता येत नाही. भारतातील महाकाय कोळ्यांचा शास्त्रीय अभ्यास मुंबईशी जोडलेला आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ब्रिटिश म्युझियमच्या आर. आय. पोकॉक याने १८९९ व १९०० साली येथील अनेक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. हौशी अधिकारी, वनाधिकारी आणि प्रवासी नमुने धाडीत आणि पोकॉक त्यांना नावे देई. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर ग्रंथ लिहून हा अभ्यास देशी हातांत आणला.

पोकॉकने नाव दिलेल्या जातींत गुत्तीचा निळा कोळी आहे. आंध्रातील गुत्ती या रेल्वेच्या गावी लाकडांच्या वखारीत तो एकच नमुना सापडला आणि १८९९ साली त्याचे वर्णन झाले. मोरपंखी झाक असलेला तो निळा रंग कोळ्याच्या जातीत दुर्मिळच. त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. मुळात तो गुत्तीचा नव्हताच. लाकडांबरोबर आगगाडीतून तेथे आला असावा. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या पूर्वघाटातील जंगलात तो पुन्हा आढळला, तेव्हा त्याचे खरे घर कळले. शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी असलेल्या त्या रानात, जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो. हा कोळी भूचर नाही आणि शांतही नाही. तरी केवळ रंगापायी तो परदेशी हौशी लोकांच्या घरी पोहोचला, आणि तोही भारताने कधी निर्यातीस अनुमती दिलेली नसता. २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याला अतिशय संकटग्रस्त ठरविले. २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत भारत व श्रीलंका येथील त्याच्या सबंध गोत्राला आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले. पूर्वी माणूस भीतीने कोळी मारीत होता. आता तो कौतुकाने त्याचे रान रिकामे करीत होता. कोळ्याच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंत अंतर ते किती?

या प्रश्नाला भारतीय कायद्याने आता उत्तर दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली सुधारणा झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांसाठी त्यात स्वतंत्र अनुसूची केलेली आहे. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने त्याची नोंदणी करावयाची, हस्तांतर, जन्म व मृत्यू कळवावयाचे, असे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी या कक्षेत येतो. कायद्याने येथे पाळण्याची हौस मोडली नाही. पाळणाऱ्याकडून त्याने जबाबदारीचा लेख मात्र मागितला आहे. मुक्या जिवाचा जन्म आणि मृत्यू सरकारदरबारी नोंदला जावा, यात उपहास करण्याजोगे काही नाही. ज्याची नोंद नाही त्याच्या नाहीसे होण्याचीही कुणी दखल घेत नाही.

आता असा विचार करावा की रीतसर नोंदलेला, पाळलेल्या मादीच्या पोटी जन्मलेला असा एखादा शांत भूचर कोळी काशीसारख्या नगरीत ठेवावयाचा झाला, तर काय करावे लागेल? प्रथम हवा. वैशाख-ज्येष्ठात तेथे लू वाहते आणि पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पौष-माघात रात्री अंग काकडते. रानात हा प्राणी दोन्ही ऋतूंतून निभावून जातो तो बिळामुळे. हातभर जमिनीखाली ऊन व थंडी दोन्ही बोथट होतात. म्हणून पेटीत वीतभर तरी माती किंवा काथ्याचा भुसा दाबून भरावा, लपावयास लाकडाचा पोकळ तुकडा द्यावा, पाण्याची उथळ वाटी कधी कोरडी पडू देऊ नये, आणि पेटी खिडकीच्या उन्हात न ठेवता घराच्या गार, आतल्या खोलीत ठेवावी. गंगेकाठच्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत तळमजल्यावर उन्हाळा जसा सुसह्य होतो, तसाच तो बिळातल्या कोळ्यालाही होतो.

पेटी उंच नसावी. भूचर कोळी वर चढून पडला तर त्याचे नाजूक पोट फुटते. त्याच्या रक्तद्रवाच्या दाबावरच त्याचे पाय पसरतात, तो द्रव वाहून गेला की पाय आखडतात आणि सारे संपते. म्हणूनच त्याला हातावर खेळविण्याची हौस खोटी आहे. त्यात त्याला सुख नाही आणि धोका मात्र दोघांनाही आहे. आठवड्यातून एखादे झुरळ किंवा रातकिडा त्याला पुरतो. कधी कधी तो महिनेच्या महिने अन्नाला स्पर्श करीत नाही आणि त्यात काळजीचे काही नसते. कात टाकावयाची वेळ आली की तो पाठीवर उलटा पडतो. नवखा पाळणारा त्याला मेलेला समजून उचलतो आणि खरोखरच मारून बसतो. त्या काही तासांत त्याला हात लावू नये आणि पेटीत जिवंत किडाही ठेवू नये. नव्या कातडीचा मऊ कोळी रातकिड्याच्याही दातांना बळी पडतो. थोडक्यात, या प्राण्याची सेवा म्हणजे बव्हंशी दूर राहण्याची कला आहे. ती वीस वर्षे करावयाची तयारी असेल, त्यानेच हा संकल्प करावा. शाळकरी मुलाने आणलेला कोळी तो मुलगा संसारी होईपर्यंत जगू शकतो, याचा विचार आणताना कुणी क्वचितच करतो.

आणि दूर राहणेच जर खरी सेवा असेल, तर तिची पराकाष्ठा ऑस्ट्रेलियातील बार्बरा यॉर्क मेन या विदुषीने केली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका राखीव रानात तिने १९७४ साली बिळात झडप लावून राहणाऱ्या कोळ्यांवर नजर ठेवावयास प्रारंभ केला आणि प्रत्येक बिळाजवळ क्रमांकाची खूण रोवली. सोळा क्रमांकाच्या बिळातील कोळीण २०१६ साली नाहीशी झाली, तेव्हा तिचे वय त्रेचाळीस वर्षे होते. इतका दीर्घायुषी कोळी शास्त्राला यापूर्वी ठाऊक नव्हता. पेटी नाही, बरणी नाही, कमरेला दोरी नाही. तरी या कोळिणीइतकी काळजीने सांभाळलेली दुसरी कोळीण सापडणे कठीण.

येथे पुन्हा त्या अवधूताची आठवण होते. त्याने चोवीस गुरू केले, परंतु एकालाही बांधून बरोबर नेले नाही. कोळ्यापासून जे घ्यावयाचे ते त्याने पाहून घेतले आणि कोळ्याला त्याच्या तंतूवर तसेच ठेवून तो पुढे निघाला. काशीच्या वैद्याने सांगितले की निदान करण्यापूर्वी थांबा आणि पाहा. काशीत मराठीत उतरलेल्या भागवताने सांगितले की पाहा आणि शिका. द्युफूरपासून बेर्गपर्यंत ज्यांनी कोळ्याला घरात ठेवले, त्यांच्या हातून त्याच्यावरचा आळ दूर झाला तो या पाहण्यामुळेच, त्याच्या मालकीमुळे नव्हे. म्हणून ज्याच्या घरी काचेच्या पेटीत हा शांत जीव असेल, त्याने आपण धनी आहोत हा भ्रम सोडून द्यावा. तो जीव त्याला कधीच ओळखणार नाही. ओळखण्याची सारी जबाबदारी माणसाचीच आहे, आणि ती पार पाडता येत नसेल तर कोळ्याचे बीळ त्याच्या रानातच बरे.